काट्यासमोरची टिकली

चऱ्होलीत बोअरचं पाणी क्षाराचं, म्हणून आमच्या गच्चीवरच्या सोलरच्या नळ्यांत वेगळं पाणी भरून बंद केलेलं असतं; ते उन्हाने तापून टाकीतलं पाणी तापवतं. त्याचं प्रेशर उतरलं की बाथरूममध्ये गार पाणी येतं. दिवाळीच्या तोंडावर तसंच झालं आणि आईचे गुडघे कुरकुरू लागले.

मेकॅनिक चाकणहून शिफ्ट संपवून आला. नाव विचारायचं राहूनच गेलं. दसऱ्याला आईने प्रेशर दाखवणाऱ्या गेजची पूजा करताना कुंकवाचं बोट थेट काचेवर ओढलं होतं, त्यामुळे काटा उतरलेला कुणाला दिसलाच नव्हता. मेकॅनिक ते कुंकू पुसेना. वाकून तिरकं बघत राहिला.

"पुसा की," मी म्हणालो.

"पूजेचं हाय. आजींना इचारा."

आई म्हणाली, "पूस बाबा, पण परत लाव."

त्याने काच पुसली, नळ्यांतली हवा सोडली, सावकाश पाणी भरलं. काटा वर येऊन थांबला, तशी त्याच्या टोकासमोर काचेच्या कडेला कुंकवाची बारीक टिकली लावली. "आजी, काटा हिच्याखाली गेला की फोन करा."

यंदा दसऱ्याला आईने मिक्सरला, माझ्या बाइकला ऐसपैस बोटं ओढली. गेजपाशी मात्र चष्मा लावला आणि जुन्या टिकलीवरच नवी टेकवली.