आजोळचा तुकडा

प्रयागमावशी माणसाचं तोंड नंतर बघायची, आधी त्याचा कपडा. नुसता बघायची नाही, चिमटीत धरून चोळायची. पोस्टमन असो, भाजीवाला असो की कुणाकडे पाहुणा आलेला जावई असो, ती सरळ त्याच्या बाहीला हात घालायची आणि म्हणायची, "सुती हाय ना? रंग बी पक्काय. फाटला की मला द्या बरं का. दुसऱ्या कुनाला द्यायचा नाय." मुकुंदवाडीतल्या आमच्या गल्लीत निम्म्या लोकांच्या अंगावरचे कपडे तिनं असे आधीच मागून ठेवलेले होते. एकदा एका लग्नात तिनं चक्क नवरदेवाच्या सदऱ्यावर हक्क सांगितला, तोही अक्षता पडायच्या आधी. नवरीकडची माणसं बघतच राहिली.

तिला गोधड्यांचं वेड होतं. मेंढरांमागं हिंडणाऱ्या घरातली बाई, अर्धं आयुष्य उघड्या माळावर गेलेलं. पुढं मुलं कंपनीत लागली आणि मावशी मुकुंदवाडीला स्टेशनामागं दोन खोल्यांत येऊन स्थिरावली. "हिंडत्या मानसाचं घर म्हंजी त्याची वाकळ," असं ती म्हणायची. मेंढरं सुटली, पण वाकळ काही सुटली नाही.

मी लग्न होऊन तिच्या शेजारच्या खोलीत राहायला आले, तेव्हा तिनं माझ्याही पदराला हात घातला. "माहेरची साडी?" मी म्हटलं, नाही. "मंग सासरची?" तीही नाही. "माझी मीच घेतलीय," मी म्हटलं. मावशीनं पदर सोडला, माझ्याकडे नीट बघितलं आणि आतून भाकरी-पिठलं आणून माझ्यापुढं ठेवलं. पुढचं काही विचारलं नाही. दत्ताशी मी घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं होतं. आमच्या घरची जमीन, गुलमंडीवर कापडाचं दुकान. दत्ताच्या घरची मेंढरं. आई मी लहान असतानाच गेलेली. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला एकट्यानं वाढवलं होतं, आणि लग्नाच्या दिवसापासून माझं नाव टाकलं होतं.

मला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा दत्तापेक्षा मावशीलाच जास्त आनंद झाला. गल्लीच्या तोंडाशी उभी राहून ती ओरडली, "आगं, चिंध्या काढा गं! सुनंदीच्या बाळाची गोधडी हाय!" दुपारपर्यंत तिच्या ओट्यावर बोचक्यांचा ढीग पडला. मग सुरू झाली निवड. एकेक कपडा उजेडात धरायचा, चोळायचा, गालाला लावून बघायचा. त्या काळी टेरिकॉटची चलती होती. कुणी ते मोठ्या कौतुकानं आणून दिलं की मावशी दोन बोटांनी उचलून बाजूला टाकायची. "टेरिकॉटला घाम कळत नाय. बाळ त्याच्यावर कसं निजंल?"

समोरच्या कमळाबाईंना फार वाटत होतं की आपल्या जांभळ्या साडीचा एक तरी तुकडा या गोधडीत असावा. त्यांनी फाटकी साडी आणली. मावशीनं फाटलेल्या जागेवरून बोट फिरवलं आणि साडी परत त्यांच्या खांद्यावर टाकली. "कमळे, हे फाटलं नाय, फाडलंय. झिजून फाटल्यालं वेडंवाकडं जातं. हातानं फाडल्यालं दोऱ्यादोऱ्यानं सरळ जातं. चांगल्या कपड्याचा जीव घेऊन गोधडी शिवू नाय. जा, अजून दोन पंचमीला नेसशील." कमळाबाई लाजल्या आणि आम्ही पोट धरधरून हसलो. मला तर त्या दिवसांत पोट धरूनच हसावं लागे.

कापायला बसली की मावशीच्या अंगात वारं शिरायचं. कात्री तोंडात धरायची, दोन्ही हातांनी तुकडे मांडायची, मोडायची, पुन्हा मांडायची. "हिरव्याशेजारी हिरवं बसवलं की दोघंबी झोपत्यात. मधी तांबडं आन, मंग बघ कशी भांडत्यात!" आणि खरंच, तांबडं ठेवलं की सगळा ओटा जागा झाल्यासारखा वाटायचा. ती टाळी वाजवायची. तिचं बघून मीही वाजवायचे. माहेर तुटलेल्या बाईला इतकं सुख परवडतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

गोधडी कडेनं शिवत शिवत आत यायची आणि मध्यावर संपायची. मावशीची रीत अशी, की बाळाच्या गोधडीचा मधला तुकडा आजोळचा, तोही अंगावर घालून जुना झालेला. बाकी सगळं मांडून झाल्यावर तिनं मधल्या मोकळ्या चौकोनावर हात ठेवला. "आता हे आन."

"मावशी, तुला माहीत आहे ना सगळं? ते देणार नाहीत."

"गोधडीला आजोळ कळतं गं, भांडन कळत नाय," ती म्हणाली. वर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. चल, उंद्या अस्तराचं कापड आनू."

दुसऱ्या दिवशी सिटी बसनं शहागंजला उतरून आम्ही चालत गुलमंडीला आलो. मावशी पुढं, मी पोट सावरत मागं. ती कुठं वळतेय हे माझ्या ध्यानात आलं तोवर ती आमच्या दुकानाच्या पायऱ्या चढून पांढऱ्या गादीवर बसलीसुद्धा. मी खालीच खिळले. अण्णांनी मला बघितलं. माझ्या पोटाकडे बघितलं. मग नजर गादीवर वळवली.

"काय दाखवू, बाई?"

"तुकडा पायजे. बाळाच्या गोधडीला, आजोळचा."

अण्णांनी मागच्या फळीवरून लाल फुलांचं भारी कापड काढलं, काठाला कात्रीनं चीर दिली आणि टर्रकन फाडून पुढं ठेवलं. "घ्या. आणि या आता."

मावशीनं त्यावरून हात फिरवला. "लई झ्याक कापड हाय. पर हे तर गिऱ्हाइकाला बी देता. मला अंगावरचं पायजे."

"मी वापरलेलं कापड कुणाला देत नाही."

"कुनाला नगाच देऊ. नातवंडाला द्या."

अण्णा त्या लाल कापडाची घडी घालू लागले. घडी नीट बसेना. मावशी उठली, आणि जे तिनं करू नये म्हणून मी देवाचा धावा करत होते तेच तिनं केलं. अण्णांची बाही चिमटीत धरली. "सुती हाय. रंग बी पक्काय. फाटला की सांगा. मुकुंदवाडीला टेसनामागं ऱ्हाते मी, प्रयाग म्हनलं की कुनीबी दावंल. दुसऱ्या कुनाला द्यायचा नाय."

परतताना मी बसमध्ये रडत होते आणि मावशी आनंदानं मांडीवर थाप मारत होती. "बघितलास का कपडा? आसमानी! वर बारीक रेघ! मधोमध कसला खुलंल गं!"

"अण्णा नाही यायचे, मावशी."

"आगं, कपडाच हाय त्यो. कधी ना कधी फाटंलच की."

मला मुलगी झाली. गोधडी मात्र मध्ये रिकामीच होती. मावशीनं ती मुद्दाम दारातल्या दोरीवर टाकली. येणारा-जाणारा विचारी, "मधी भोक का ठिवलंय?" ती ठसक्यात सांगे, "सदरा फाटायची वाट बघतेय." लोक हसत. मी हसत नसे, पण दारात कुणी आलं की मान वर मात्र होई.

बारशाच्या दिवशी मावशीच्याच ओट्यावर पाळणा बांधला होता. बायका गोळा झाल्या होत्या. आणि गल्लीच्या तोंडाशी अण्णा दिसले. हातात कागदात गुंडाळलेलं पुडकं. ते सरळ मावशीपुढं येऊन उभे राहिले, माझ्याकडे न बघता.

"बाई, तो सदरा. तुम्ही सांगून ठेवला होता. फाटला."

मावशीनं पुडकं सोडलं. तोच आसमानी सदरा. कॉलर कडक, कोपरं धड. आणि खालच्या काठापासून छातीपर्यंत एक चीर, दोऱ्यादोऱ्यानं गेलेली, सरळ. काठाला कात्री लावून टर्रकन फाडल्याचा तो आवाज ऐकतच मी लहानाची मोठी झाले होते. मावशीनं चिरेवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. कमळाबाई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी माझा हात घट्ट धरला. अण्णा पाळण्याकडे बघत होते.

मावशीनं मान वर केली. "लई झिजलाय हो सदरा," ती म्हणाली. "बरं झालं आनला. बसा. कापताना कापड धरायला कुनीतरी लागतं."

अण्णा चपला काढून ओट्यावर बसले. सदऱ्याचं एक टोक त्यांनी धरलं आणि मावशीनं कात्री चालवली. बायका पाळणा म्हणायच्याही विसरल्या. मी तिथंच, सगळ्यांसमोर, अण्णांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.

मावशी जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती गेली तेव्हा तिच्या सुनेनं तिचं एक हिरवं लुगडं माझ्या हातात ठेवलं. ते मी जपून ठेवलं होतं. यंदा माझ्या मुलीला दिवस गेले, तेव्हा मी ते बाहेर काढलं. कात्री लावायची गरजच पडली नाही. हात लावला की वेडंवाकडं फाटत गेलं. त्यातल्या त्यात धड निघाला तो तुकडा मी गोधडीच्या मधोमध बसवला, आणि शेजारी तांबडं लावलं. मुलीनं विचारलं, हा कुणाचा? मी म्हटलं, आजोळचा.