साबणमावशींनी पुसलेली ओळ

जुनी घरगुती पुस्तकं पुन्हा छापणं हा आमचा धंदा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची पुस्तकं, अर्ध्या भागात स्वयंपाक आणि अर्ध्यात घरगुती औषधं. मूळ प्रत कुणाच्या तरी माळ्यावरून येते, पानांचे फोटो निघतात आणि संगणकावर ती स्वच्छ करायला साबणमावशींकडे जातात. हे नाव आम्हीच पाडलेलं. आधी त्या लाँड्रीत डाग काढायच्या. कपड्यांचे डाग काढणारी बाई कागदाचे काय काढणार, असं मी म्हणालो होतो आणि आठवड्यात तोंडघशी पडलो.

त्यांची एक पद्धत होती. पान पडद्यावर उलटं करायचं, डोकं खाली पाय वर. सुलट्या पानात माणूस वाचत बसतो आणि डाग तसाच राहतो, असं त्यांचं म्हणणं. उलटं केलं की अक्षरांची नुसती नक्षी होते. नक्षीत न बसणारं उडवायचं. तेलाचा ठिपका, चहाचं वर्तुळ, पोरांनी ओढलेल्या रेघा, सगळं साफ. कोरं करकरीत पान आलं की म्हणायच्या, हा पदार्थ घरात कुणी दुसऱ्यांदा मागितलेला दिसत नाही. अकरा वर्षं त्यांच्या कामात मला बोट ठेवायला जागा सापडली नाही, आणि मी बोट ठेवायला टपलेला माणूस आहे.

गेल्या वर्षी एका पुस्तकाच्या सहाशे प्रती बांधून आल्या. मावशींनी त्यातली एक सुनेसाठी बाजूला ठेवली. घरी पाच महिन्यांचा नातू. मग मूळ प्रत मालकाला परत पाठवायची म्हणून त्या तिची पानं मोजायला बसल्या. या वेळी अर्थातच सुलटी. औषधांच्या भागात त्यांचा हात थांबला. त्या माझ्या टेबलाशी आल्या आणि पुस्तक पुढे केलं. तान्ह्या मुलांच्या खोकल्यावर मधातलं एक चाटण होतं. शेजारी समासात बारीक पेन्सिलीने लिहिलेलं: ‘आमच्या धाकटीला दिलं. दुसऱ्या दिवशी ती गेली. देऊ नका.’

आमच्या छापील पानावर तो समास पांढराशुभ्र होता.

माझं डोकंच फिरलं. अकरा वर्षांत एकदा चुकायचं तर ते पुस्तक बांधून झाल्यावरच का, असं बरंच काही बोललो. मग माझ्याच लक्षात आलं की समासात काही म्हणजे काही दिसता कामा नये, हा नियम माझाच. तरी हेका सोडवेना. कशावरून ते पोर चाटणानेच गेलं, आजारानेही गेलं असेल, म्हणालो.

“असेल,” मावशी म्हणाल्या. “पण शंभर वर्षांपूर्वी एक आई काळजावर दगड ठेवून हे लिहून गेली, आणि मी ते पुसलं.”

पुढच्या आवृत्तीत ते चाटणच गाळू, या प्रतींत छापील चिठ्ठी घालू, असं मी सुचवलं. चिठ्ठी पहिल्याच दिवशी गळून पडते आणि केराबरोबर जाते, असं म्हणून त्यांनी ते उडवून लावलं. शेवटी विक्रीला जाणाऱ्या प्रती मावशींनी अडवल्या आणि त्या पेन्सिलींचा डबा घेऊन बसल्या. तेच शब्द, त्याच जागी, प्रत्येक प्रतीत. पहिली प्रत सुनेसाठी ठेवलेली. मी दोन दिवस घुम्यासारखा बघत राहिलो, तिसऱ्या दिवशी खुर्ची ओढली. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मावशींनी माझ्या चार ओळी खोडून पुन्हा लिहायला लावल्या. विसाव्या प्रतीपर्यंत मी बडबडत होतो, नंतर नुसता लिहीत राहिलो. ‘ती गेली’ हे इतक्या वेळा लिहून हात सरावतो, असं मला वाटलं होतं. तसं होत नाही.

दोन महिन्यांनी एका गिऱ्हाइकाचा फोन आला. आवाज चढलेला. नव्या पुस्तकावर कुणीतरी खरडून ठेवलंय, बायको बाळासाठी चाटण करायला बसली तेव्हा दिसलं, प्रत बदलून द्या.

“मग दिलं का चाटण?” मी विचारलं.

“असलं वाचल्यावर कोण देईल?” तो म्हणाला.

मी फोनवर हात ठेवून मावशींना सगळं सांगितलं. त्या पडद्यावरचं पान वाचत होत्या. हल्ली त्या आधी सुलटं वाचतात, मगच उलटं करतात.

“सांगा त्याला,” त्या म्हणाल्या, “सगळ्या प्रती तशाच आहेत.”

आणि त्यांनी बोटांनी डोळे पुसले.