बोटभर लोखंड

दुपारचं जेवण अंगावर आलंय आणि पुळणीवरचा वारा उघड्या खिडकीतून थेट डोळ्यांवर येतोय. हिराजी जुन्या पिकअपच्या सीटवर रेलून बसलाय, डावा हात डॅशबोर्डवरच्या गोल बटणावर. ते फिरवलं की मागच्या चाकांबरोबर पुढची दोनही ओढायला लागतात. म्हणजे लागायची. गेलं वर्षभर नुसता हिरवा दिवा लुकलुकतो आणि पुढची चाकं ढिम्म.

समोर ओल्या वाळूत पदूची होडी कलंडून पडलीय. पदू म्हणजे पद्माकर, हिराजीच्या बायकोचा धाकटा भाऊ. गेल्या गणपतीत छातीत कळ येऊन गेला. होडी आता त्याच्या बायकोची, रंजनाची. हंगाम संपला, सगळ्यांच्या होड्या वर चढून शाकारूनही झाल्या, ही एकटीच खाली राहिली. संध्याकाळी उधाणाची भरती आहे. त्याआधी ओढून वर घेतली नाही, तर लाटा तिला आपटून फळ्या मोकळ्या करतील. आणि दोन चाकांवर ही गाडी त्या वाळूत स्वतःच रुतते, होडी काय ओढणार? हिराजी विचार करतोय, की डोळा लागलाय, त्याचं त्यालाच कळत नाही.

"गाडीला मी मारलेला रंग मस्त टिकलाय हां, भावजी."

शेजारच्या सीटवर पदू बसलाय. तोच चौकड्यांचा शर्ट. दोन्ही हात मात्र पाठीमागे.

"हात का मागे घेतलेस?"

"असेच."

हिराजीला कळतं, आणि कळलं नाही असं तो दाखवतो. मेलेल्या माणसापुढेही आपण तोंड लपवायचं सोडत नाही.

"काय काय बघितलात?" पदू विचारतो.

"फ्यूज बघितला, रिले बदलला, बटण नवं टाकलं." आता ते गॅरेजात उभे आहेत, पण गॅरेजच्या खड्ड्यात कंबरभर समुद्र आहे आणि मेकॅनिक त्यात चाचपडत पाना शोधतोय. "पुढची चाकं जोडणारी मोटर काढली. बाहेर बॅटरीला लावली तर गरागरा फिरली. परत बसवली, की मेली."

शब्द तोंडातून गेल्यावर हिराजी ओशाळतो. पदू हसतो.

"मरू दे. बसवल्यावर काय बदलतं, ता सांगा."

"काहीच नाही."

"बाहेर अर्थिंग कुठनं देत होतात?"

"बॅटरीवरून."

"आणि आत?"

"चासीवरून."

 गॅरेज नाही, रंजनाच्या ओटीवर तेराव्याची पंगत बसलीय आणि प्रत्येकाच्या पानात होडीचा निळा रंग वाढलाय. पदू भिंतीला टेकून उभा, हात मागेच. कुणी त्याला बस म्हणत नाही.

"गाडी पाण्यात मीच घातली," तो हळूच म्हणतो. "गुडघाभर. तुमची गाडी मी खराब केली, हाच मनात घेऊन गेलो."

 मागच्या वैशाखात होडी काढताना पदूने गाडी पाण्यात उतरवली आणि त्यानंतर पुढची चाकं बंद पडली, हे खरं. मासळीच्या लिलावाला जमलेल्या चारचौघांत हिराजी त्याला बोलला होता, "परत माझ्या गाडीला हात लावू नकोस." पदूने पुन्हा लावला नाही. गल्लीत गाडी उभी असली तरी अंग चोरून, कुंपणाला घासत पलीकडे जायचा. हिराजी रोज खिडकीतून बघायचा. एक शब्द लागत होता फक्त. तो आज-उद्या करत राहिला आणि गणपती आले.

आता दोघे गाडीखाली उताणे आहेत. वर चासी नाही, होडीच्या पोटातल्या फासळ्या आहेत, निळ्याशार. पदू हनुवटीने दाखवतो.

"तो बोल्ट बघा."

मोटरची अर्थिंगची वायर चासीला आवळलीय. वायरीच्या टोकाखाली होडीच्याच निळ्या रंगाचा जाड थर.

"इथंही रंग मारलास?"

"तुमीच बोललात ना, बोटभर लोखंड उघडं दिसता नये, खारा वारा खातो. नाय ठेवला. वायर सोडली, खाली दोन हात मारले, परत आवळली. त्याच आठवड्यात होडी काढायला गाडी पाण्यात नेली." पदू वायरीकडे बघतो. "म्हणजे पाण्यानं नाय झाला?"

रंगातून वीज जात नाही. रंग मार म्हणणारा हिराजी, हात लावू नको म्हणणाराही हिराजी. पदूने दोन्ही वेळा सांगितलेलं तंतोतंत ऐकलं, एवढाच त्याचा गुन्हा.

"नाही रे. पाण्याने नाही." हिराजी पाना पुढे करतो. "पदू, तू सोडव ती वायर. हात लाव."

"नको."

"मी सांगतोय ना. लाव हात."

पदू पाठीमागचे हात पुढे आणतो. मनगटापर्यंत निळे, ओले, थेंब गळतायत.

"डाग पडंल, भावजी," तो म्हणतो.

हिराजी जागा होतो. तळहातावर बटणाच्या रेघा उमटल्यात. होडी तिथेच आहे, पाणी अजून लांब.

तो पाना घेऊन गाडीखाली सरकतो. बोल्ट आहे, वायर आहे, खाली रंग आहे. आणि बोल्टला लागूनच, वाळलेल्या जाड थरात, एक अंगठा उठलाय. पदूने वायर दाबून धरली असेल, तेव्हाचा. रेघ न् रेघ दिसते.

रंग खरवडायला नेलेला पाना हिराजी मागे घेतो.  वाळू कॉलरमध्ये जाते, डोळ्यांतलं पाणी कानात. मग वायर सोडवतो आणि चार बोटं पलीकडच्या मोकळ्या भोकापाशी लोखंड चकचकीत होईपर्यंत घासतो. वायर तिथे आवळतो.

वर येऊन बटण फिरवतो. सीटखाली टक्क वाजतं. दिवा दोनदा लुकलुकतो आणि स्थिर होतो.

"लाव रे हात," हिराजी शेजारच्या रिकाम्या सीटला म्हणतो, आणि गाडी होडीकडे उतरवतो. खाली चासीवर निळा अंगठा तसाच आहे.