अबेला आणि वेडरबर्न, २०१८

ग्लेनिस हार्टनॉलने स्वतः एकही शोधनिबंध लिहिला नाही. दुसऱ्यांचे सातशेच्या आसपास तिच्या हाताखालून गेले. 'ब्रेकवॉटर' या त्रैमासिकाची ती व्यवस्थापकीय संपादक. म्हणजे पत्रव्यवहार तिचा, मुद्रितं तिची, तळटीपा तिच्या आणि प्राध्यापकांची भांडणंही तिच्याच टेबलावर. स्त्रीवाद, लिंगभाव, समलिंगी आणि ट्रान्स माणसांचं जगणं यांवर लिहिणाऱ्यांत 'ब्रेकवॉटर'ला मान होता. कचेरी ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या दक्षिणेला, कोरिमल गावाच्या मुख्य रस्त्यावर, पूर्वीच्या खाटीकखान्यात. भिंतीतले मांस टांगायचे आकडे कुणी काढले नव्हते. ग्लेनिस त्यांना तयार अंकांचे गठ्ठे टांगायची.

ती मूळची शिक्षिका. १९७८ साली चोवीस वर्षांची असताना नन्सच्या मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायची. त्या जूनमध्ये सिडनीला समलिंगी लोकांचा मोर्चा निघाला, पोलिसांनी गाड्या भरल्या, त्यांतल्या एकीत ती होती. वर्तमानपत्राने पकडलेल्यांची यादी छापली. नाव, पत्ता, व्यवसाय. शाळेत मुख्य सिस्टरने तो कागद घडी घालून टेबलावर तिच्यासमोर सरकवला. आरोप पुढे मागे घेतले गेले, नोकरी परत मिळाली नाही. किनाऱ्यावरच्या त्या सगळ्या इलवारा भागातल्या दुसऱ्या कुठल्याही शाळेने तिला घेतलं नाही. आईने दोन वर्षं फोन उचलला नाही.

१९८९ मध्ये पाच जणींनी 'ब्रेकवॉटर' काढलं तेव्हा ग्लेनिसने दोन नियम स्वतः लिहून पहिल्या अंकात छापले. पहिला, लेखकांची नावं आडनावाच्या अक्षरानुक्रमे लागतील, इथे कोणी थोरली-धाकटी नाही. दुसरा, जिने संशोधकाला स्वतःचं आयुष्य सांगितलं तिचं नाव कधीही छापलं जाणार नाही. छापण्यापूर्वी तिचे शब्द तिला समोर बसून वाचून दाखवले जातील. वाचून दाखवायला ग्लेनिस स्वतः जायची. कधी ट्रेनने, कधी आपल्या जुन्या टोयोटातून, एकदा तर तुरुंगात. एकोणतीस वर्षांत कुणीही नियम बदलायला सांगितलं नव्हतं.

२०१८ च्या थंडीत, म्हणजे तिथल्या जून-जुलैत, टॅम्सिन वेडरबर्नचा निबंध आला. टॅम्सिन चौतीस वर्षांची. सिडनीच्या एका विद्यापीठात सहा-सहा महिन्यांच्या करारावर शिकवत होती, सलग पाचवं वर्ष. नोव्हेंबरात कायम जागेची मुलाखत होती आणि त्याआधी चांगल्या ठिकाणी स्वतःच्या नावाचा निबंध छापून यायला हवा होता. विषय होता कोरिमलजवळच्या पोर्ट केंब्लाच्या पोलाद कारखान्याबाहेर सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकात रस्त्यावर धंदा करणाऱ्या ट्रान्स बायका. निबंधाचं म्हणणं नवं होतं. त्या रस्त्यावर अंदाधुंदी नव्हती, कामगारांचे नियम होते. कारखान्याच्या पाळ्यांवर बायकांच्या पाळ्या लागत. वयाने मोठी दिव्याखाली उभी राही, नवी पहिला महिना एकटी गाडीत बसत नसे. एखादीला मारहाण झाली तर त्या माणसाच्या गाडीजवळ महिनाभर कोणीही जात नसे. निबंध सात जणींच्या मुलाखतींवर उभा होता, पण खरा भार एकीवर, जिला टॅम्सिनने 'व्हायलेट' म्हटलं होतं. छापण्याआधी निबंध तपासणाऱ्या समीक्षकांपैकी एकाने लिहिलं, निबंध स्वीकारावा, यातली उत्तम वाक्यं व्हायलेटची आहेत.

व्हायलेट म्हणजे डोलोरेस अबेला. वय त्र्याहत्तर, माल्टाहून लहानपणी बोटीने आलेली. रस्ता सोडल्यावर वीस वर्षं तिने पोर्ट केंब्लात मासे तळायचं दुकान चालवलं होतं. ऑगस्टमधल्या एका मंगळवारी सकाळी ग्लेनिस कागद घेऊन तिच्या स्वयंपाकघरात बसली. मंगळवार डोलोरेसचा भाजायचा दिवस. तिने पास्तित्सी, माल्टाकडच्या करंज्या, ओव्हनमध्ये टाकल्या होत्या. रिकोटा चीज भरलेल्या, कडा हाताने मुडपलेल्या. चौथ्या पानापर्यंत ती ओव्हनकडे तोंड करून ऐकत होती. मग वळली.

"ही व्हायलेट कोण?"

ग्लेनिसने सांगितलं की ती तूच. नाव बदललंय, तुझ्या सुरक्षिततेसाठी.

"कोणापासून?"

"लोकांपासून."

"लोकांपासून," डोलोरेस म्हणाली. "राणी, या गावात मला ओळखत नाही असा माणूस कबरस्तानातसुद्धा मिळायचा नाही. वीस वर्षं त्यांना मासे तळून घातलेत. त्याआधी काय घातलं ते त्यांच्या बायका घरी नसताना विचार."

ग्लेनिसने नियम समजावला. असा नियम आहे म्हणूनच बायका बोलायला तयार होतात, हेही सांगितलं. डोलोरेसने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि मग आपला हिशोब मांडला. मिशनच्या शाळेत ब्रदरने हजेरीपटावर तिचं एक नाव लिहिलं, मुलाचं. पुढे पोलीस ठाण्यातल्या सार्जंटने तेच नाव अकरा वेळा लिहिलं, दर वेळी मोठ्याने वाचून. डोलोरेस हे नाव तिने स्वतः घेतलं, नान्नाचं, आईच्या आईचं. सरकारदरबारी ते लागायला चौदा वर्षं गेली.

"आणि आता ही डॉक्टर झालेली पोरगी येते आणि माझं बारसं करून मोकळी होते," ती म्हणाली. "निदान बारशाला तरी बोलवायचं. व्हायलेट. अगं, व्हायलेट कारखान्याच्या कॅन्टीनमधली म्हातारी होती. मेली तेव्हा कोणी रडलं नाही."

तेव्हा ग्लेनिसने १९७८ ची गोष्ट सांगितली. ती फारशी कोणाला सांगत नसे. नाव छापलं की माणसाचं काय होतं ते मी पाहिलंय, असं ती म्हणाली.

डोलोरेसने पास्तित्सी काढल्या आणि एक तिच्यापुढे ठेवली. "वाईट झालं, मास्तरीणबाई. मी नव्हते तुमच्या मोर्चात. आमच्यासारखीला तुम्ही बाजूला तरी उभं केलं असतंत का, देव जाणे. पण एक सांगते. तुझं नाव त्यांनी तुला न विचारता छापलं. माझं तू मला न विचारता पुसतेयस. खा, गार होईल."

ग्लेनिसने खाल्ली. उरलेली बावीस पानं वाचून दाखवली आणि प्रत्येक वेळी व्हायलेटच्या जागी डोलोरेस म्हटलं. घरी जाताना गाडी एकदा रस्त्याच्या कडेला थांबवावी लागली, असं तिने पुढे एका मैत्रिणीला सांगितलं. कारण सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने टॅम्सिनच्या विद्यापीठाच्या नीती समितीला पत्र लिहिलं. माणसांवरच्या कुठल्याही संशोधनाला या समितीची परवानगी लागते. समितीचं उत्तर सभ्य होतं. संमतिपत्रात नाव गुप्त राहील असं लिहिलेलं आहे. ते बदलायचं तर नव्याने अर्ज करावा लागेल, निर्णयाला सुमारे आठ महिने लागतील. शिवाय सहभागी व्यक्ती वयस्कर आणि 'असुरक्षित गटातली' असल्याने समिती नाव उघड करण्याच्या विरुद्धच सल्ला देईल. ग्लेनिसने हे फोनवर वाचून दाखवल्यावर डोलोरेसने फक्त विचारलं, त्या समितीत कारखान्याच्या फाटकाबाहेर उभं राहिलेलं कोणी आहे का. मग माझं बोलणं नाही छापलं तरी चालेल म्हणाली. व्हायलेटचं म्हणून तर नाहीच छापायचं.

निबंध तिच्याशिवाय उभाच राहत नव्हता. ग्लेनिसने हिरवी पेन्सिल घेतली आणि डोलोरेसची वाक्यं अधोरेखित केली. सव्वीसपैकी अकरा पानं हिरवी झाली. 'ती युनियनच होती, फक्त कोणी सही करत नव्हतं' हे वाक्य बाराव्या पानावर होतं आणि त्यापुढचा सगळा युक्तिवाद त्याचाच विस्तार होता. मग तिने समितीचे नियम पहिल्यापासून वाचले. सगळे नियम सहभागी व्यक्तीबद्दल होते. लेखिकेबद्दल एकही नव्हता. लेखिकेचं नाव लपवण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. आणि संमतिपत्राच्या तळाशी, बारीक अक्षरांत, प्रत्येक सहभागी व्यक्तीला कधीही, कारण न देता, आपली साक्ष मागे घेता येईल असं छापलेलं होतं.

तिने टॅम्सिनला कोरिमलला बोलावलं आणि हिरवी पानं समोर ठेवली. तोडगा असा: डोलोरेस साक्ष मागे घेईल आणि तोच मजकूर सहलेखिका म्हणून देईल. टॅम्सिनने वाचलं, मान हलवली. हे बरोबर आहे, मला आधी सुचायला हवं होतं, असं म्हणाली. ती प्रामाणिक मुलगी होती. मग तिच्या लक्षात आलं.

"अबेला," ती म्हणाली. "'अ' आधी येतो."

"हो."

"मुलाखतीला बसतात ते पहिलं नाव बघतात, ग्लेनिस. दुसरं नाव म्हणजे मदतनीस. पाच वर्षं मी या एका निबंधावर आहे. या एका वेळी क्रम बदल. नियम तूच लिहिलास ना?"

"एक नियम मी याच आठवड्यात मोडतेय," ग्लेनिस म्हणाली. "दुसराही मोडला तर माझ्याकडे फक्त मतं उरतील."

टॅम्सिनने हिरवी पानं उचलून पिशवीत घातली. दुसरीकडे पाठवते म्हणाली तर ग्लेनिस अडवू शकत नव्हती आणि तसं तिने सांगितलंही. टॅम्सिन म्हणाली, मी आधी तिला भेटते. दोघी टोयोटातून पोर्ट केंब्लाला गेल्या.

डोलोरेसला पहिल्या-दुसऱ्या नावाचं राजकारण समजावून सांगायला दहा मिनिटं गेली. समजल्यावर तिला त्यात गंमत वाटली. क्रमाचा हट्ट तिने धरला नाही आणि सोडलाही नाही. तो तुमच्या घरचा प्रश्न, म्हणाली. तिला एवढंच विचारायचं होतं.

"माझं वाक्य तुझं म्हणून छापायला तुला किती वर्षं शिकावं लागलं गं, पोरी?"

 टॅम्सिन हसली, मनापासून. "अकरा."

"मी तर मोफत शिकवलं असतं."

टॅम्सिनने तिथेच, पिठाळलेल्या टेबलावर, सहलेखनाच्या कागदावर, अबेला या नावाखाली, सही केली. डोलोरेसने समितीला पत्र लिहिलं: 'व्हायलेट म्हणून नोंदलेली साक्ष मी मागे घेत आहे. कारण विचारू नये, असं तुमच्याच कागदावर आहे.'

आता अडलं परदेशी प्रकाशनसंस्थेकडे. 'ब्रेकवॉटर' छापायचं आणि संगणकावर चढवायचं काम बारा वर्षं तिच्याकडे होतं. तिच्या संगणकावरच्या अर्जात लेखक जिथे काम करतो त्या संस्थेचं नाव भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नसे. डोलोरेसने सांगितलं तसं ग्लेनिसने भरलं: 'फुटपाथ, पोर्ट केंब्ला, १९७१–१९८८.' तीन दिवसांनी पत्र आलं. इथे मान्यताप्राप्त संस्थेचंच नाव अपेक्षित आहे, 'स्वतंत्र संशोधक' असं लिहिलं तरी चालेल. ग्लेनिसने एका ओळीत उत्तर पाठवलं की ही संस्था सतरा वर्षं चालली, आपण आमच्याबरोबर बाराच वर्षं आहात. त्यावर निबंध थांबवून ठेवण्यात येत असल्याचं कळवण्यात आलं.

चौसष्ट वर्षांच्या ग्लेनिसजवळ हत्यार एकच होतं. अंकातल्या प्रत्येक मुद्रितावर तिची अखेरची संमती लागत असे. तिने आठही निबंधांची संमती रोखली. संपादक मंडळाला एका परिच्छेदात कारण कळवलं. खाली लिहिलं की हे कोणाला पटत नसेल तर माझ्या जागी दुसरी शोधा, किल्ली खाटीकखान्याच्या दाराशी कुंडीखाली आहे. किल्ली कोणी नेली नाही. मंडळातल्या दोघींनी आपले निबंध अंकाबाहेर काढायची धमकी प्रकाशकाला दिली. एकीने ग्लेनिसलाच खडसावलं, की एका फुटपाथसाठी अख्खा अंक बुडवतेस. हो, असं ग्लेनिसने कळवलं.

सतराव्या दिवशी अर्ज पुढे सरकला. पत्र आलं नाही, नुसतं पान उघडलं.

अंक नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आला. पहिल्या पानावर दोन नावं, त्यांतल्या पहिल्याखाली फुटपाथ. नीती समितीने टॅम्सिनच्या विभागाला नाराजीचं पत्र पाठवलं. नियम कुठे मोडला ते त्यात लिहिता आलं नव्हतं. टॅम्सिनला ती जागा मिळाली नाही. कारण सांगायची तिथे पद्धत नाही. ती आता न्यूकॅसलला शिकवते, करारावरच, आणि पहिल्याच तासाला वर्गात हा निबंध वाचायला देते. ग्लेनिसने पुढच्या अंकात दुसरा नियम नव्याने छापला: नाव लपवायचं की छापायचं हे जिचं आहे तिला विचारलं जाईल, समोर बसून.

डोलोरेसने अंकाच्या बारा प्रती मागवल्या. एक माशांच्या दुकानात नव्या मालकाने काउंटरवर ठेवली आहे, तेलकट झाली आहे.

फेब्रुवारीत तिने ग्लेनिसला फोन केला. तिला कुठल्याशा ब्रिटिश नियतकालिकाची मेल आली होती, 'प्रिय डॉ. अबेला' अशी. एकदा निबंध छापला की नाव यादीत जातं आणि यंत्र आपोआप समीक्षेची निमंत्रणं पाठवतं, असं ग्लेनिसने सांगितलं. नकार द्यायची सोय खाली असते. डोलोरेस म्हणाली की होकार देऊन आठवडा झाला, फक्त 'कार्यपद्धती' म्हणजे काय ते विचारायला फोन केलाय.

एका परदेशी शहरातल्या रस्त्यावरच्या बायका आणि 'जोखीम-व्यवस्थापन' यांवरचा निबंध होता तो. डोलोरेसने तीन आठवडे घेतले. समीक्षकाने नाव द्यायचं नसतं, हे सूचनांत पहिल्याच ओळीत होतं. तिने लिहिलं:

'लेखिकेने जोखीम हा शब्द एकेचाळीस वेळा वापरला आहे, थंडी हा एकदाही नाही. त्या रस्त्यावर ती उभी राहिलेली नाही. मुलगी हुशार आहे, सुधारेल. तिला माझ्याकडे पाठवा. मंगळवार सोडून कधीही. डोलोरेस अबेला, पोर्ट केंब्ला.'