मदुराईपर्यंत वाजणारं यंत्र

ज्याला मोटार चालवता येत नाही, मोटारीत बसलं की ज्याला मळमळतं, ज्याची मोटार वर्षाचे अकरा महिने कुलपात असते आणि तरीही देशातले सगळे चोर आपल्याच मोटारीवर टपून बसलेत अशी ज्याची पक्की खात्री आहे, असा माणूस पृथ्वीवर एकच आहे आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला आहे. आमचं गाव विट्याजवळ. आमच्याकडच्या घराघरांतली माणसं परमुलखात सोनं-चांदी गाळायची दुकानं चालवतात. हाही त्यातलाच, मदुराईला दुकान असलेला गलाईवाला. वयाने माझ्या बरोबरीचा आणि शाळेत माझ्याबरोबरच नापास झालेला. पुढे तो भट्टीपाशी गेला आणि मी ट्रकवर क्लीनर म्हणून. आज विट्यात माझा जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीचा धंदा आहे. तो मी कुणाच्या मेहेरबानीवर उभा केलेला नाही, आणि भाव करण्यात मला हरवणारा माणूस सातारा-सांगलीत अजून भेटायचा आहे. ही फुशारकी नव्हे. पुढे जी तक्रार सांगणार आहे ती नीट कळावी म्हणून सांगतो.

तक्रार अशी, की ती मोटार माझी असायला हवी होती. साताऱ्याला एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे ती पांढरी अँबॅसिडर विकायला होती. जत्रेला गावी आलेला असताना गलाईवाल्याच्या कानावर हे आलं आणि भाव करायला म्हणून तो मला घेऊन गेला. मी बॉनेट उघडलं. तसली निगा मी जन्मात पाहिली नव्हती. पण धंदा तो धंदा. दारं वाजतात, गिअर अडकतो, सीटला म्हातारपणाचा वास येतो, अशी दुपारभर मी त्या गाडीला इतकी नावं ठेवली, की शेवटी डॉक्टरांनाच ती आपल्या दारात उभी असल्याची लाज वाटायला लागली. त्यांनी भाव एवढा खाली आणला, की बाहेर पडल्यावर मला हसू आवरेना. कराडच्या अलीकडे ते हसू थांबलं. एवढ्या भावात ही गाडी मी स्वतःच का घेतली नाही, हा प्रश्न मला तिथे पडला आणि तो अजून सुटलेला नाही. भाव पाडला मी आणि गाडी नेली त्याने. त्यानंतर दर वर्षी मी त्याला किंमत विचारायचो. त्याने अवाच्या सवा आकडा सांगितला असता तरी मला चाललं असतं. आकडा ऐकला की माझ्यासारख्याला पुढचा रस्ता दिसतो. पण हा आकडाच बोलायचा नाही. "इकायची न्हाई गड्या," एवढंच म्हणायचा, "कायमचा गावाकडं आलो की चालवायला शिकणार हाय." तोवर ड्रायव्हरच्या सीटवरचं प्लास्टिक काढायचं नाही, असा त्याचा नियम होता. ते प्लास्टिकही मीच साताऱ्याच्या एका दुकानदाराकडून फुकटात घालून घेतलं होतं.

गलाईच्या धंद्यात म्हणे भट्टीपुढचा केरसुद्धा फेकत नाहीत, त्यात सोन्याचा कण असू शकतो. याला ती सवय हाडापर्यंत भिनलेली. आमच्या घरी जेवायला आला, की ताटात हात धुवायचा आणि ते पाणी कुठे जपून ठेवायचं म्हणून इकडेतिकडे बघायचा. अंगणातली धूळ दोन बोटांत चोळून उजेडाकडे धरायचा. कस लावल्याशिवाय त्याचा कशावरच विश्वास बसत नसे. चहा गोड झाला आहे असं माझ्या बायकोने सांगितलं, तरी आधी बशीच्या कडेला एक थेंब घेऊन चाखायचा. "भावजी, चहाच हाय तो," असं ती म्हणाली, की शांतपणे उत्तर द्यायचा, "आवं वहिनी, पितळसुद्धा असंच म्हणत असतंय."

असला माणूस हजार-बाराशे किलोमीटरवर बसणार आणि गाडी इथे पत्र्याच्या शेडमध्ये विटांवर उभी राहणार. त्यामुळे दर जत्रेला तो चोरीवरचा एक नवा इलाज घेऊन यायचा आणि त्या इलाजाला कस लावायचा. कस लावायला चोर पाहिजे. तो चोर मी. "पंचक्रोशीत या कामाला तुझ्यासारखा माणूस न्हाई," असं तो मनापासून म्हणायचा आणि हे मी कौतुक म्हणून घ्यावं अशी त्याची अपेक्षा असायची. जी गाडी मला विकत मिळत नव्हती ती मी दर वर्षी त्याच्या देखत चोरायची, हा माझ्यावरचा अन्याय त्याच्या कधी लक्षातच आला नाही.

एका वर्षी त्याने मदुराईहून भोंगा आणला. गाडीला हात लागला की तो कोकलायचा. मी सकाळी अकराच्या सुमाराला दार ओढलं आणि जो आवाज निघाला तो थेट साखर कारखान्याच्या भोंग्यासारखा. माळावर भांगलणाऱ्या बायकांना वाटलं जेवणाची वेळ झाली. त्यांनी खुरपी ठेवून भाकरी सोडल्या. शेतमालक आमच्यावर धावून आला. "आवं, आत्ताशी दुसरी पात लागलीया, आन् बाया जेवाय बसल्या." गलाईवाला मात्र खुशीत होता, आवाज माळापर्यंत गेला म्हणून. पण तो मदुराईला परतल्यावर एक मांजर रोज टपावर झोपायला लागलं, आणि बॅटरी उतरेपर्यंत आमच्या गल्लीने दिवसातून चार वेळा जेवणाची सुट्टी ऐकली. पुढे पुढे त्या आवाजाने कुणी मान वळवायचंही सोडून दिलं.

मग कुणीतरी सांगितलं, की सांगलीत नवीन यंत्रं आली आहेत. मी धंदा बुडवून त्याच्याबरोबर गेलो. दुकानदाराने काडेपेटीएवढी एक डबी दाखवली. "ही कमरंला लावायची. तिकडं गाडीला कुणी हात लावला, की इथं वाजती." गलाईवाल्याने डबी कमरेला लावली, चार पावलं चालून पाहिलं आणि विचारलं, "मदुराईपर्यंत वाजंल का?"

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"काका, शेजारच्या गल्लीपर्यंत वाजती."

"मग ती शेजारच्या गल्लीतल्या माणसाला इका. मी शेजारच्या गल्लीत असतो तर मला यंत्र कशाला लागलं असतं?"

दुकानदारही इरेला पेटला. परदेशात म्हणे एक यंत्र निघालं आहे, ते आपल्याकडेही येईल. चोराने गाडी कुठेही नेली तरी आभाळातल्या उपग्रहाला ती दिसते. गलाईवाल्याने यावर बराच विचार केला. "वरच्याला सगळं दिसतंय, हे आमची आईपण सांगती," तो म्हणाला, "खाली कुणाला कळतंय, ते बोला." तोवर मी सवयीने त्या डबीचा भाव निम्म्यावर आणला होता. आणि याने ती घेतली नाही. एवढी मेहनत वाया गेलेली मला सहन होत नाही. सांगली ते विटा मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. तो खिडकीतून डोकं बाहेर काढून मळमळ सोसत होता, त्यामुळे माझा अबोला त्याला कळलाही नाही.

पुढच्या जत्रेला त्याने स्वतःच एक यंत्र काढलं. पत्र्याच्या डब्याला भोक पाडून त्यात मैदान आखायची पांढरी फक्की भरली आणि डबा गाडीच्या मागे खालच्या अंगाला असा बांधला, की गाडी हलली की फक्की सांडत जाईल. चोर जाईल तिकडे रेघ जाईल, आणि रेघ जाईल तिकडे मालक. मी गाडी चोरली, माळाला वळसा घालून कडेगावच्या रस्त्याला लागलो आणि एका हॉटेलापाशी थांबून चहा सांगितला. चहा झाला, भजी झाली, मालक येईना. मग आडवाटेने आलेला एक सायकलवाला हसत हसत सांगायला लागला, की शाळेच्या मैदानावर एक माणूस एकटाच पळतोय. जत्रेच्या शर्यतीसाठी मास्तरांनी त्याच सकाळी मैदान आखलं होतं, त्याच फक्कीने. माझी रेघ मैदानाच्या कडेने गेली होती. हा तिथे आला आणि आखलेल्या रेघेला लागला. धावपट्टी गोल असते. खाली मान घालून तो फिरतच राहिला, आणि चोर एवढा गोल गोल का फिरला असेल याचं नवल करत राहिला. पोरं टाळ्या वाजवत होती.

खरं सांगतो, त्या हॉटेलापुढे गाडीत बसलो असताना पुण्याचा रस्ता माझ्या डोळ्यांपुढून जाऊन आला. इंजिन असं चाललं होतं, की ऐकत राहावं. पण मी गाडी फिरवली आणि शेडपाशी आणून लावली. तो घामाघूम होऊन दारात बसला होता. पायाला गुडघ्यापर्यंत फक्की.

"तू परत का आलास?" त्याने विचारलं.

माझं डोकं फिरलं. "मग काय करू? तुझी गाडी हाय ती. मी काय खरंच चोर हाय व्हय रं?"

तो धूळ उजेडाकडे धरून बघतो तसा माझ्याकडे बघत राहिला. मदुराईला जायच्या दिवशी माझ्या दुकानावर आला आणि शेडची आणि गाडीची, दोन्ही किल्ल्या माझ्यापुढे ठेवल्या. "यंत्र सापडलं," म्हणाला.

"कुठलं?"

"तू. गाडी गेली तर गावाला चार दिवसांनी कळंल. तुला त्याच दिवशी कळंल. लय जीव हाय तुझा तिच्यावर."

"आन् मीच नेली तर?"

"मग कुठं हाय ते तरी मला ठावं असंल."

किल्ल्या मी गल्ल्यात टाकल्या. एवढं मात्र मी ठरवून घेतलं, की फोन त्याने करायचा. तेव्हापासून दर रविवारी, दुकान बंद ठेवायच्या दिवशी, मी दुकान उघडून त्याच्या फोनची वाट बघत बसतो. त्याआधी शेडमध्ये जाऊन इंजिन चालू करायचं, हेही माझ्या गळ्यात पडलं. फोन आला, की तो विचारतो, "गाडी हाय न्हवं?" मी म्हणतो, "हाय." यात गाडीचा विषय संपतो. मग ओढ्याला पाणी किती आहे, तालमीपुढची चिंच कुणी छाटली तर नाही ना, त्याच्या चुलत्याच्या घराचं दार अजून करकरतं का, हे सगळं त्याला पाहिजे असतं. मी चिडतो. "मी यंत्र गाडीचं हाय, गावाचं न्हवं," म्हणतो. आणि पुढच्या रविवारी चिंच बघून येतो.

गेल्या जत्रेला तो आला नाही. जत्रा उठली आणि त्या रविवारी फोन वाजला. आधी त्याने गाडीचं विचारलंच नाही. पोरांनी मदुराईला घर घेतलंय, म्हणाला. नातवंडांच्या शाळा तिकडं. बायकोचं मनही आता इकडे लागायचं नाही. मग म्हणाला, "गाडी तू घे. तू म्हणशील तो भाव."

एवढी वर्षं मी ज्या वाक्याची वाट बघत होतो ते माझ्या कानात पडलं होतं. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "कशाला पाहिजे मला ती? पत्रा सडलाय. इंजिन धूर सोडतंय. दारं वाजतात. फुकट दिलीस तरी कोण घेतंय."

"सडलाय? मागच्या रविवारी तर चकाचक हाय म्हणालास."

"मागच्या रविवारी तू इकत न्हवतास."

तो हसला. पण मी थांबलो नाही. साताऱ्याच्या डॉक्टरांपुढे ठेवली नव्हती इतकी नावं त्या गाडीला मी ठेवली. तेव्हा ती मिळावी म्हणून ठेवली होती.

"मग काय करायचं?" शेवटी त्याने विचारलं.

"डोळ्यानं येऊन बघ. कस लावल्याबिगर तू कवापासनं सौदा करायला लागलास?"

मग नेहमीच्या आवाजात त्याने विचारलं, "गाडी हाय न्हवं?"

"हाय," मी म्हणालो.

विकायची गोष्ट त्याने पुन्हा काढलेली नाही. यायचीही काढलेली नाही. रविवारी सकाळी मी शेड उघडतो, गाडी पुसतो आणि इंजिन चालू करून सीटवरच्या त्या प्लास्टिकवर बसतो. ते आता पिवळं पडलंय, बसलं की चरचरतं. बायको म्हणते, "फाडून टाका की ते, कुणाचं कुणाला काय." मी कडेकडेने बसतो. मालक अजून चालवायला शिकायचा आहे.