टाकीतला शेवटचा थेंब

फुआ गेक चूला घरी पाहुणा आलेला खपत नसे, कारण पाहुणा कॉफी पितो आणि वर पंखा लावायला सांगतो. लोक तिला चिकट म्हणत. म्हणेनात का. सतरा वर्षं तिने सिंगापुरातल्या एका कारखान्यात उभ्याने सुटे भाग जोडले, त्यातल्या बऱ्याच वर्षांचा पगार मोटारीच्या हप्त्यांनी खाल्ला, आणि ती एक्कावन्न वर्षांची झाली त्या वर्षी कारखाना उठून दुसऱ्या देशात गेला. निरोप म्हणून मालकांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं. तेही महिन्याभरात बंद पडलं.

मोटारीची हौस तिच्या नवऱ्याची, येओ किम सूईची. पण पुढे त्याची नजर अधू झाली, त्याने गाडी चालवणं सोडलं आणि ते लोढणं गेक चूच्या गळ्यात आलं. दर शनिवारी ती पूल ओलांडून पलीकडे मलेशियातल्या जोहोरला जाई. अंडी, तेल, साबण, दुधाची पावडर, सगळं तिथे निम्म्यात मिळतं. पलीकडचं स्वस्त पेट्रोल कुणी भरून आणू नये म्हणून जातानाच आपल्या नाक्यावर टाकी तपासतात. ती निदान पाऊण भरलेली नसली की दंड. तेव्हा काटा बरोबर पाऊणच्या रेषेवर आणून ठेवण्यात गेक चूचा हात धरणारं कुणी नव्हतं. रेषेवर एक केसभर जास्त पेट्रोल भरलं गेलं तरी तिला दिवसभर चुकल्यासारखं वाटे.

हे वाण्याचं सामान ती एकट्या घरासाठी आणत असती तर ठीक होतं. दोन इमारती सोडून तिची नणंद राहायची, येओ सिओक एंग. शुक्रवारी संध्याकाळी तिचा फोन यायचाच. यादी वाचून झाली की शेवटी ठरलेलं वाक्य, ‘गाडी तर जाणारच आहे ना.’ अंड्यांचे पैसे ती पावती बघून सेंटापर्यंत चुकते करी, फुटलेलं अंडं वजा करून. पेट्रोल, पुलाचा टोल, नाक्यावरच्या उन्हात रांगेत गेलेले तीन तास, यांचा उच्चार तिने दहा वर्षांत एकदाही केला नाही. आणि किम सूई मूग गिळून बसे. थोरल्या बहिणीने, त्याच्या आ-चीने, त्याला कडेवर वाढवलं होतं, तिला नाही म्हणायची त्याची जीभच तयार झाली नव्हती.

त्या एप्रिलमध्ये मोटारीची दहा वर्षं भरत होती. पुढे चालवायची तर नव्या परवान्याला पोतंभर पैसे ओता. नाही तर मुदतीच्या आत भंगारात द्या, म्हणजे घेताना भरलेल्या करातला काही भाग सरकार परत देतं. गेक चूला अकरा हजार डॉलर मिळणार होते. मुदत एका दिवसाने टळली की शून्य. या पैशांवर तिने एक गोष्ट ठरवून टाकली होती. बाजारातल्या खाण्याच्या गाळ्यांत मच्छीच्या गोळ्यांच्या शेवया विकणारा एक म्हातारा दुकान सोडत होता. तो तिच्यासाठी सोमवारपर्यंत थांबायला कबूल झाला होता. स्वतःचा गाळा, स्वतःचं पातेलं, आणि शनिवारी कुणाची अंडी वाहायची नाहीत.

नणंदेला हे कळलं तेव्हा तिने जेवताना सगळ्यांसमोर विषय काढला, की गाडी अशी विकू नये, घराची सोय आहे, परवाना वाढवून घ्यावा. गेक चू म्हणाली, चालेल, निम्मे तुम्ही घाला. त्यावर नणंद शांतपणे म्हणाली की गाडी गेक चूच्या नावावर, तिने पैसे कशाला घालावेत. गेक चूच्या अंगाचा तिळपापड झाला. तो उतरायला तीन दिवस लागले.

इतर लोक मुदतीच्या आठवडाभर आधी गाडी देऊन मोकळे होतात. गेक चूने शेवटचाच दिवस धरला. दहा वर्षांचे पैसे भरलेत तर दहाच वर्षं वापरणार. आणि भंगारवाला टाकीतल्या पेट्रोलचा एक सेंट देत नाही, तेव्हा त्याच्या आवारात शिरताना टाकी कोरडी असली पाहिजे. पुलापलीकडच्या फेऱ्या बंद केल्या, काटा उतरवत उतरवत आणला, आणि शुक्रवारी सकाळी टाकीत पश्चिमेकडच्या त्याच्या आवारापर्यंत पुरेल इतकंच उरलं होतं. तिला ती गाडी स्वतःच्या पोटासारखी ठाऊक होती.

पण ते दिवस पितरांच्या कबरी झाडायचे होते. गेक चू पहाटे मासळी आणायला बाजारात गेली आणि तेवढ्यात नणंदेने भावाकडे किल्ली मागितली. बाबांच्या कबरीवर जायचं, सामान फार, माझा जावई चालवेल. भावाने किल्ली दिली. त्यांनी तिथे डुक्कर, संत्री, भात मांडला आणि सासऱ्यांसाठी कागदाची एक लांबलचक मोटार जाळली. मेलेल्या माणसाला बिनपेट्रोलची, बिनपरवान्याची गाडी मिळाली. जिवंत सुनेची मात्र नणंदेने परत आणून ठेवली तेव्हा टपावर हात ठेववत नव्हता आणि काटा लाल रेषेला टेकला होता.

गेक चूने इमारतीखाली उभं राहूनच तोंडाचा पट्टा सोडला. तिचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. किम सूई मान खाली घालून म्हणाला, “बाबांचं काम होतं. आ-चीला कसं नाही म्हणू?”

“मला कसं म्हणता मग? रोज म्हणता. न शिकवता येतं तुम्हाला.”

तीन वाजता दोघं निघाली. परवान्याच्या कचेरीची खिडकी पाचला बंद व्हायची, आणि भंगारवाला गाडी आवारात आल्याखेरीज कागद घेऊन तिकडे हलत नसे. दहा मिनिटांत पुढ्यात तांबडा दिवा लागला. पहिला पंप दिसला तेव्हा किम सूई म्हणाला, “पाच लिटर टाकू या का?”

“भंगारवाल्याला दान करायला?”

दुसरा पंप आला तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलं. तिसऱ्याशी तो पुन्हा म्हणाला, “गेक चू, टाक थोडं.” ती म्हणाली, एवढा पुळका असेल तर बहिणीकडून मागून आणा, तिने जाळलंय. आणि गाडी पुढे काढली. अजून सहा किलोमीटर होते. दिवा लागल्यावर किती जाते हे तिला दहा वर्षांचं पाठ होतं. पण ते सरळ रस्त्याचं पाठ होतं, आणि पुढे उड्डाणपुलाची चढण होती. गाडी दोनदा उचकली आणि चढणीवर मेली.

मागच्यांचे भोंगे वाजत होते. किम सूई, अधू नजरेचा, मागच्या पंपाकडे चालत निघाला. तो डबा घेऊन घामाने निथळत परतला तेव्हा पाच वाजायला वीस मिनिटं होती. आवारात पोचायला पाच वाजले, आणि भंगारवाल्याने कागद बघून, मग घड्याळ बघून मान हलवली. त्याला वाईट वाटलं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. वाईट वाटण्याचे पैसे मिळत नाहीत. त्याने लोखंडाच्या भावाने काहीशे डॉलर दिले. टाकीत तीन लिटर उरलं होतं, तेही त्याचंच झालं. सोमवारी गाळा दुसऱ्याला गेला.

त्यानंतरच्या रविवारी नणंदेकडे जेवण होतं. वाफवलेला पापलेट मध्ये, आणि गेक चूने भाताला हात लावायच्या आधीच सुरुवात केली. किल्ली कुणी नेली, पेट्रोल कुणी जाळलं, अकरा हजार कुणी बुडवले. ती एकेक गोष्ट मोजून टेबलावर टाकत होती आणि जावई टेबलाखाली पाय हलवत होता. नणंदेने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग भावजयीला सोडून ती भावाकडे वळली.

“सूई, तू शेजारी होतास. वाटेत एकही पंप नव्हता?”

 गेक चूचा घास जेवायच्या काड्यांतच राहिला. त्या रस्त्याने नणंदेने वीस वर्षं गोदीतल्या खानावळीत कामाला ये-जा केली होती. तिला तिन्ही पंप ठाऊक होते. आणि भाऊ आपल्याशी खोटं बोलत नाही, हेही तिला तितकंच ठाऊक होतं.

किम सूईने काड्या वाटीवर आडव्या ठेवल्या. “नव्हता, आ-ची.”

“नीट आठव. तुला दिसलं नसेल.”

“दिसायला पाहिजे तेवढं दिसतं मला.”

नणंद त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने मान वळवली आणि जावयाला भात वाढायला लागली. त्याने नको म्हटलं तरी वाढत राहिली. 

घरी परतताना दोघं इमारतींमधल्या छताखालच्या वाटेने गेली. गेक चू चार पावलं पुढे चालत होती. जिन्यापाशी ती थांबली.

“तीन होते.”

“माहीत आहे.”

“मग खोटं कशाला बोललात? मी सांगितलं होतं?”

“नाही.”

तिला त्याच्यावर ओरडायचं होतं. तीस वर्षं ती त्याच्यावर ओरडत आली होती, बहिणीपुढे तोंड उघडत नाही म्हणून. आज त्याने ते उघडलं होतं, आणि आता ओरडायला काही उरलं नव्हतं. नणंदेच्या माथी मारायचं तर तिथेही आता तोंड उरलं नव्हतं. राहिली ती एकटीच, तिसऱ्या पंपासमोरून गाडी पुढे काढणारी. तिला लाज वाटली, आणि लाज वाटल्याचा भयंकर राग आला. वर जाऊन तिने कॉफीचं पाणी ठेवलं, आणि त्याने न मागता पंखा लावला.