गादीखालची ओल आणि टोकावड्याची ताटी

आसनगावला उतरले तेव्हा माझ्या काखेत वर्तमानपत्रं चिकटवून केलेली एक भलीमोठी गुंडाळी होती. रिक्षात बसताना ती मावेना, म्हणून उलगडून मांडीवर धरली. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं.

"पतंग काय मॅडम?"

"नाही हो. गादीचं माप आहे."

"तिकोनी गादी? झोपतं कोन तिच्यावर?"

"मी आणि माझा नवरा."

शहापूर येईपर्यंत बिचारा आरशातून त्या त्रिकोणाकडेच बघत होता.

तर ही तिकोनी गादी आमच्या होडीतली. माझा नवरा दिनकर निवृत्त झाला आणि लोक जसे तीर्थयात्रेला जातात किंवा आंब्याची कलमं लावतात, तसं त्याने काही न करता एक जुनी लाकडी होडी घेतली. करंज्याच्या खाडीत ती बांधलेली असते. आत दोन बाकडी आणि नाळेकडे, म्हणजे पुढच्या निमुळत्या टोकाला, एक त्रिकोणी बर्थ. शनिवार-रविवार आम्ही तिथे झोपतो. गेली दोन वर्षं मी त्या होडीच्या नावाने खडे फोडतेय. आत वाकून चालावं लागतं, चहा सांडतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे गादीखालची बुरशी. गादी उचलली की खाली काळे-हिरवे ठिपके आणि असा कुबट वास, की नको तो जीव. गेल्या पावसाळ्यात मला धाप लागायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं, बुरशीच्या हवेत झोपू नका. झालं! दिनकरने मुकाट्याने गिऱ्हाईक शोधलं. पनवेलचे एक गृहस्थ येऊन नाकाला रुमाल लावून होडी बघून गेले आणि "रविवारी परत येतो" म्हणाले.

आता खरं सांगते. मला होडी विकायची नव्हती. पहाटे खाडीचं पाणी फळीवर थपथपतं, भरतीबरोबर सगळी होडी हळूच वर उचलली जाते, आणि शेजारी हा माणूस गाढ झोपलेला असतो. हे सुख मला साठीत मिळालं होतं. पण दोन वर्षं कुरकुर केल्यावर कुठल्या तोंडाने सांगणार? मी ठरवलं, रविवारच्या आत बुरशीच घालवायची. बुरशी गेली की विकायला कारणच उरत नाही. दिनकरला सांगितलं, "सुमनकडे जाऊन येते." सुमन ही माझी शाळेपासूनची मैत्रीण, शहापूरला राहते. फोनवर ती म्हणाली होती, "टोकावड्याच्या पुढे एक ठकूबाई आहे. बांबूच्या ताट्या विणते. आमच्या गाद्यांखाली तिच्याच आहेत. दहा वर्षांत बुरशीचं नाव नाही."

गुरुवारी सुमनकडे जेवायला तांदळाच्या भाकरी आणि कंटोलीची भाजी होती. कंटोली म्हणजे पावसाळ्यात रानात वेलीवर येणारी काटेरी, हिरवी, लिंबाएवढी फळं. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि चौथीला नाही म्हणताना मला खरोखर वाईट वाटलं. मग सुमनने तिच्या पलंगाची गादी उचलून दाखवली. खाली पिवळीधमक ताटी, म्हणजे बांबूच्या चिरलेल्या पट्ट्यांची विणलेली चटई. मी नाक लावून हुंगलं. धुराचा मंद वास होता, बाकी काही नाही.

"मला अशीच हवी," मी म्हटलं. "पण जास्त घट्ट. खालची ओल वर येताच कामा नये."

"ते तू ठकूबाईला सांग," सुमन म्हणाली आणि उगाचच हसली.

शुक्रवारी सकाळी किन्हवलीची एसटी पकडली. सप्टेंबरचा महिना, भात पोटरीला, म्हणजे कणीस धरायला आलेलं. दोन्ही बाजूंना इतकं हिरवं, की डोळे निवतात. मागे माहुलीचे सुळके ढगात शिरत-निघत होते. किन्हवलीला गाडी बदलली, सरळगावला पुन्हा बदलली. प्रत्येक गाडीत माझ्या त्रिकोणाची चौकशी झाली. एका आजीबाईंना तो झबल्याचा कागद वाटला. "केवढं पोर म्हनायचं!" त्या म्हणाल्या. टोकावड्याला उतरले तर समोर माळशेजचे डोंगर, त्यांच्यावर अजून पांढऱ्या धारा. ढाब्यावर चहा घेऊन पायी निघाले आणि बांधावरून चालताना एक पाय सरळ चिखलात. चप्पल काढायला गेले तर दुसराही पाय आत. दोन्ही चपला हातात, त्रिकोण डोक्यावर, अशा थाटात मी ठकूबाईच्या अंगणात पोचले.

ठकूबाई माझ्याच वयाची. काटक, ठसठशीत कुंकू, आणि बोलताना हात थांबत नाहीत. तिचा नवरा गोमा ओट्यावर बसून बांबू चिरत होता. मी कागद अंगणात पसरला, तिन्ही कोपऱ्यांवर दगड ठेवले. दोन कोंबड्या लगेच त्यावरून फिरून आल्या.

"तिकोनी ताटी?" ठकूबाई कागदाभोवती एक फेरी मारून म्हणाली. "जन्मात नाय इनली गो बाय."

"मग चौकोनी विणून कापली तर?"

"कापली का उसवली. इनता इनताच वलवाया लागंल. इनीन की, काय मोटंसं!"

"एकदम घट्ट विणा हं. सुईसुद्धा जाता कामा नये. खालून ओल येते."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मला शाळेतल्या शिवणाच्या बाई आठवल्या. "घट्ट कशाला? पानी भरायचंय काय तिच्यात?"

मी तिला सगळं समजावून सांगितलं. होडी पाण्यात असते. पाणी लाकडातून झिरपत असणार. दिनकर दोन वर्षं गळती शोधतोय, दोनदा सगळ्या सांध्यांत लांबी, म्हणजे फटी बुजवायचा लेप, भरून झाली, मी स्वतः गादीखाली जाड प्लास्टिक अंथरलं, तरी ओल येतेच. ठकूबाईने सगळं नीट ऐकून घेतलं. मग मला हाताला धरून घरात नेलं आणि कणगी दाखवली. कणगी म्हणजे भात साठवायची पुरुषभर उंचीची, शेणाने लिंपलेली बांबूची टोपली. ती चार दगडांवर बसवलेली होती आणि भिंतीपासून चांगली वीतभर लांब.

"भात सुदा आमी भुईला टेकवत नाय, भिताडाला बी नाय. चारी अंगानं वारा फिराया पायजे. आनि तुमी मानसाला पलाश्टिकवर निजवता?"

"पण ओल खालून..."

"बरं बरं," ती म्हणाली, "ऱ्हावा आजची रात. सकाली बोलू."

दिवसभर मी नवरा-बायकोचं काम बघत बसले. गोमाचे बांबू अवसेला तोडलेले होते. तसे तोडले की भुंगा लागत नाही म्हणतात. चिरून झालेल्या पट्ट्या, त्या इकडे कामट्या म्हणतात, चुलीवरच्या माळ्यात धुरावर वाळवलेल्या. ठकूबाईने कागदाच्या टोकाकडून सुरुवात केली आणि दर दोन कामट्यांमध्ये बोट घालून बघू लागली. बोट गेलं नाही तर उसवून पुन्हा. कडेला आली की कामटी ओली करून मागे वळवायची आणि आत खोचायची. गोमा मध्येच म्हणाला, "डावीकडं तिरपी चालली."

"तुमी चिरा. इनाया मी हाय."

"तिरपी चालली म्हनून सांगितलं."

"होडीच तिरपी हाय, माजी ताटी नाय!" ठकूबाई म्हणाली. गोमा गालात हसला. संध्याकाळपर्यंत त्रिकोण अंगणात तयार होता. त्याखाली बांधायला गोमाने बांबूचे तीन जाड दांडे दिले, म्हणजे ताटी फळीपासून चार बोटं उचललेली राहील. मला आपलं मनातून वाटत होतं, एवढ्या फटींतून ओल वर येणार नाही तर काय!

रात्री भाकरी आणि सुकटीचं कालवण झालं. झोपायला गोधडी मिळाली. जमीन शेणाने सारवलेली, बाहेर पाऊस. मला दम्याची भीती. मी पिशवीतून पावसासाठी आणलेलं प्लास्टिक काढलं, जमिनीवर अंथरलं आणि त्यावर गोधडी घातली. ठकूबाईने ते बघितलं आणि दिवा बारीक केला. मी ढाराढूर झोपले.

सकाळी तिने मला हलवून उठवलं. "उटा गो, चूल पेटवायचीय." मला वाटलं, चुलीचा आणि माझ्या झोपेचा काय संबंध? पण त्या घरची रीत अशी, की सगळ्यांची अंथरुणं उचलून वलणीवर (कपडे टाकायच्या दोरीवर) टांगल्याशिवाय चूल पेटत नाही. चूल नाही म्हणजे चहा नाही. सासूने लावलेलं वळण, ठकूबाईने कधी मोडलं नाही. गोमासुद्धा डोळे चोळत आपली गोधडी टांगत होता.

मी गोधडी उचलली आणि बघतच राहिले. प्लास्टिकवर पाणी. चक्क हाताला लागेल असं.

"बघितलंत!" मी म्हटलं. "जमिनीतून आलं की नाही?"

"उलटं करा त्ये," ठकूबाई शांतपणे म्हणाली.

उलटं केलं. खालची बाजू खडखडीत कोरडी. जमिनीवर हात फिरवला, जमीनही कोरडी.

"वरून ओलं, खालून कोरडं," ती म्हणाली. "मंग सांगा, पानी कुनाचं?"

मी प्लास्टिक पुन्हा उलटसुलट करून पाहिलं.

"तुमचंच की. निजलेल्या मानसाच्या अंगातून रातभर वाफ निगते. खाली जाते. थंड लागलं का पानी. जायाला वाट नाय दिली का बुरशी. होडीला कशाला नावं ठेवायची?"

अगं बाई गं! दोन वर्षं मी समुद्राला बोल लावले, होडी बांधणाऱ्या सुताराला लावले, नवऱ्याला तर उठताबसता लावले. आणि ओल होती माझीच, मीच घट्ट झाकून ठेवलेली. मला इतकं हसू आलं की मी मटकन खाली बसले. ठकूबाईही हसली, गोमाही हसला. मग चूल पेटली आणि कोरा चहा आला.

निघताना ठकूबाईने बजावलं. "ताटीवर गादी ठेवा, पन भिताडाला टेकवू नका. पलाश्टिक फेका. आनि सकाली उटलं का गादी उबी करायची, मंगच चा. नाय तर माजी ताटी बी कुजंल, मंग मला बोल लावू नका."

मुरबाडमार्गे कल्याण, तिथून घर. ताटी दोरीने बांधून एसटीत मागच्या सीटवर उभी केली. कंडक्टर म्हणाला, "हिचं तिकीट?" मी म्हटलं, "ती उभी आहे, बसलेली नाही." त्याने हात जोडले.

शनिवारी दुपारी होडीवर पोचले तर दिनकर बर्थच्या पोकळीत डोकं घालून फळ्या घासत होता. मी गेल्यापासून तीन दिवस त्याने हेच केलं होतं. गाद्या उन्हात टाकल्या, खोळी धुतल्या, फळ्या व्हिनेगरने पुसून पुसून पांढऱ्या केल्या. मी ताटी बसवली. भिंतीपासून वीतभर जागा मिळेना, चार बोटं सोडली. गळती नाही, ती वाफ आहे, हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्याने लांबीचा रिकामा डबा उचलून बघितला आणि कचऱ्यात टाकला. त्या रात्री आम्ही तिथेच झोपलो. सकाळी गादी उभी केली, खाली हात फिरवला. फळी कोरडी. धाप नाही, वास नाही. मी मनातून नाचत होते.

आणि अकरा वाजता पनवेलचे गृहस्थ आले. या वेळी रुमाल खिशातच राहिला. त्यांनी गादी उचलली, वाकून हुंगलं, ताटीवरून बोटं फिरवली आणि म्हणाले, "वा! ठरलं. तुम्ही सांगाल ती किंमत."

मी होडी वाचवायला गेले होते आणि विकायला तयार करून आणली होती!

दिनकर माझ्याकडे बघून कसंनुसं हसला. "घे. सुटलीस एकदाची."

"नाही विकायची," मी म्हटलं. आवाज जरा मोठाच झाला.

गृहस्थ गोंधळले. "पण साहेब म्हणाले, बाईंना मुळीच आवडत नाही."

"बाईंना आवडते. बाईंना फार आवडते. बाईंना सांगता येत नव्हतं."

ते कुरकुरत निघून गेले. आम्ही दोघं होडीच्या कडेला पाय सोडून बसलो. बत्तीस वर्षं संसार केला, तरी एकमेकांच्या मनातलं विचारायचं राहूनच जातं. आपण गृहीत धरतो आणि सोसत बसतो. मी त्याला तेवढंच म्हटलं, की मला आधी सांगायला हवं होतं.

मग तो म्हणाला, "तू सुमनकडे होतीस ना, तेव्हा मी तीन दिवस देवाला सांगत होतो, हा वास जाऊ देऊ नको. तो माणूस नाक दाबून परत गेला असता."

"अरे, मग घासत कशाला होतास?"

"तुला धाप लागते ना," तो म्हणाला.